दोनदा सांगितलेलं मरण

यंदा हुरडा लवकर आला. शाळा सुटल्यावर मी स्टेशनच्या रस्त्यानं घरी येतो. परवा तिथं बाया गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं टोपल्यांत मांडून बसलेल्या दिसल्या. एकीनं गिऱ्हाइकाला चव दाखवायला म्हणून दोन गोवऱ्या पेटवून त्यांत चार कणसं खुपसली होती. दरवर्षी तो धुराचा वास आला की मी थांबतो, मूठभर हुरडा चोळून घेतो आणि गुळाच्या खड्याबरोबर खात खात घरी येतो. यंदा थांबावंसं वाटलं नाही. उलट चालण्याचा वेग वाढला, आणि घराच्या पायरीवर आल्यावर मला दम लागला आहे हे ध्यानात आलं.

थंडी मात्र नेहमीचीच. सकाळी गिरणीचा भोंगा होतो तेव्हा अंगणात अंधारच असतो. आमच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरांच्या घरांतून मागाचा खटका सुरू होतो, रंगवलेल्या सुताच्या लडी दोरीवर गारठून लोंबत असतात. पुढच्या महिन्यात गड्ड्याची जत्रा भरेल. सगळं दरवर्षीसारखं आहे. फक्त चौकात, हॉटेलात, शाळेत शिक्षकांच्या खोलीत एकच बोलणं आहे, लढाईचं. त्यातही लोकांना चघळायला आवडते ती एक गोष्ट : कालपर्यंत लढाईला शिव्या देणारे आज तिच्या बाजूनं कसे लिहितात, आणि एके काळी भरती व्हा म्हणून ओरडणारे आज तुरुंगात जायला कसे निघालेत. कोण कुठल्या बाजूला आहे हे कळायला आता रोजचं वर्तमानपत्र घ्यावं लागतं, असं आमचे एक शिक्षक म्हणतात आणि सगळे हसतात. मलाही पूर्वी हसू आलं असतं. लढाईबद्दल बाजू बदलणाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हा त्यांच्या दृष्टीनं चहाबरोबर बोलायचा विषय आहे. आमच्या घरात मात्र या प्रश्नानं माणसं नेली.

आमचं शेत मोडनिंबला, गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. काळी, खोल जमीन. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, त्या जमिनीवर फार जीव. माझा थोरला भाऊ सखाराम; त्याला मी दादा म्हणायचो. दादाच्या पुढच्या दाताचा तुकडा लहानपणीच बैलाच्या शिंगानं उडालेला होता, त्यामुळे हसताना तो तोंडावर पालथी मूठ धरायचा. कडब्याची गंजी रचावी तर त्यानंच. चारी बाजूंनी अशी सरळ की दुसऱ्या वस्तीवरचे लोक बोलवायला यायचे. लग्न झालेलं, किसन अंगावर पिणारा. मी शाळेत जात होतो. मागच्या मोठ्या लढाईचे ते दिवस.

त्या दिवसांत वामनराव प्रथम आमच्या गावी आले. ते सोलापूरचे. त्यांचं स्वतःचं साप्ताहिक होतं, छापखाना होता, आणि बोलायला उभे राहिले की माणसं हातातलं काम खाली ठेवायची. बाजाराच्या दिवशी एका सोडलेल्या बैलगाडीवर ते उभे राहिले. काळा कोट, डोक्याला पागोटं, आवाज खणखणीत. आज ज्याच्या हाती बंदूक, उद्या त्याच्याच हाती राज्य, असं त्यांचं सांगणं होतं. आपण इतकी वर्षं हत्यारावाचून राहिलो म्हणून आपल्याला कुणी विचारत नाही. सरकारच्या अडचणीत त्याच्या खांद्याला खांदा लावा, मग स्वराज्य मागायला तोंड राहील. मी आबांचा हात धरून गर्दीत होतो. दादा आमच्या पुढं होता. तो एकदाही मागं वळला नाही, एवढं मला पक्कं आठवतं.

दादा गेला. कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीत बसताना वहिनीनं किसनला त्याच्याकडे दिलं, त्यानं त्याचा पापा घेतला आणि परत देताना म्हणाला की गंजीवर ताडपत्री नीट बांधा. मग बसऱ्याहून त्याचा मजकूर यायचा, दुसऱ्या कुणाच्या हातचा. इथं खजुराची झाडं लई हायती पण सावली न्हाय, असं एकदा त्यानं कळवलं होतं. म्हैस व्याली का, हेही विचारलं होतं. म्हैस व्याल्याचं आम्ही कळवलं ते त्याला पोचलं की नाही, ठाऊक नाही. तापानं गेला म्हणे. पाटलानं येऊन सांगितलं, आणि बऱ्याच महिन्यांनी सरकारकडून त्याच्या नावाची एक जड, वाटोळी, धातूची चकती आली. वहिनीनं ती देव्हाऱ्यात ठेवली.

आबा रडले, पण मोडले नाहीत. आता मागं वळून पाहताना मला हे नीट दिसतं. त्यांच्याकडे दादाच्या मरणाचं एक उत्तर होतं. पारावर कुणी परगावचा भेटला की ते सांगायचे, ‘माझा थोरला स्वराज्यासाठी गेला.’ सांगताना पाठ ताठ व्हायची. त्या एका वाक्याच्या आधारानं त्यांनी जमीन केली, मला शिकवलं, किसनला खांद्यावर घेऊन फिरवलं. वहिनीही कुंकवाशिवायच्या कपाळानं, पण मान वर करून गावातून चालायची. सखारामची बायको म्हटलं की बाया तिला आधी पाणी भरू द्यायच्या.

आणि मग ती सुगी आली, जी मला हुरड्याच्या या वासानं दरवर्षी आठवते.

मी तेव्हा नुकता सोलापुरात शिक्षक झालो होतो. नाताळच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा ज्वारी निसवून कणसं भरली होती, दाण्यात दूध होतं. किसन माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाकत होता. आबा दिसले ते बांधावर बसलेले. कामाच्या दिवसांत आबा बसलेले मी कधी पाहिले नव्हते. वहिनीनं मला चुलीशी बोलावून सांगितलं की चावडीवर वामनरावांचं साप्ताहिक वाचलं जातं, त्यात मागच्या लढाईवर लेख आला, तो ऐकून मामंजी घरी आले तेव्हापासून असेच आहेत.

लेख मी सोलापुरात वाचला होता. वामनरावांनी लिहिलं होतं की त्या लढाईशी आपलं काही देणंघेणं नव्हतं. परक्यांच्या तेलासाठी आणि मुलुखासाठी आपली तरणी पोरं वाळवंटात नेऊन टाकली, बदल्यात आपल्या पदरात काही पडलं नाही. फसवणूक झाली. शहरात त्या लेखाचं फार कौतुक झालं होतं. मलाही तो पटला होता, आणि खरं सांगायचं तर आजही पटतो. त्यात एकच गोष्ट नव्हती : पोरांना ‘जा’ असं कोण म्हणालं होतं.

त्याच आठवड्यात वामनराव मोडनिंबला आले. बाजाराच्या दिवशी पुन्हा सभा. आता ते गाडीवर चढले नाहीत, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उभे राहिले. पागोटं गेलं होतं, अंगावर खादी होती. आवाज मात्र तसाच. सभा संपल्यावर आबा पुढं गेले आणि त्यांना आमच्या शेतात हुरडा खायला बोलावलं. गावातल्या दोघाचौघांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

पण आबांनी पाहुण्याचं सगळं रीतीनं केलं. आगटीशेजारी घोंगडी अंथरली, हातावर पाणी घातलं, स्वतः कणसं निवडून निखाऱ्यांत घातली. हुरडा चोळताना त्यांच्या तळहाताला चटका बसत नसे. कणीस गरम असतानाच ते झटझट चोळायचे, फुंकर घालून फोलपट उडवायचे आणि हिरवे दाणे पाहुण्यापुढच्या पानावर ओतायचे. वहिनी ताटांच्या आड, उभ्या ज्वारीत होती. वामनराव मोकळेपणानं बोलत होते, पाऊस, भाव, शहरातल्या गिरण्या. हुरडा त्यांना आवडला. मग आबा म्हणाले,

“मागल्या बारीला तुमीच आला हुता की. गाडीवर हुबं हुता. माझा थोरला अगदी फुडं हुता.”

वामनरावांचा हात पानावरच राहिला. त्यांनी दादाचं नाव विचारलं. आबांनी सांगितलं. ते त्यांना आठवणं शक्यच नव्हतं, त्यांनी कितीतरी बाजारांत अशी भाषणं केली होती.

“मी भांडत न्हाय,” आबा म्हणाले. “मला अक्षर येत न्हाय. तुमाला येतं. म्या पारावर सांगत हुतो, पोरगं स्वराज्यासाठी गेलं. ते तुमीच सांगितलं हुतं. आता तुमी म्हंता की तसं नव्हतं. मग कशापायी गेलं, तेवढं सांगा. लोकं इचारतील, तवा म्या काय सांगू?”

आगटीत एक कणीस फुटलं. वामनरावांना त्या वेळी पुष्कळ काही बोलता आलं असतं. सरकारनं आपल्या सगळ्यांनाच फसवलं, त्या काळी तसंच वाटत होतं, तुमच्या मुलाचं रक्त वाया जाणार नाही. सभेत ते हे सगळं बोलले होते. इथं ते बोलले नाहीत. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि पन्नाशीकडे आलेला तो माणूस आमच्या घोंगडीवर बसून लहान मुलासारखा रडला.

“आबा, मी चुकलो,” एवढंच म्हणाले.

आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खावा, गार झालं की चिवट लागतं, असं म्हणाले. वहिनी ज्वारीतून बाहेर आली आणि तिनं गुळाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. एवढा मोठा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर बसून चुकलो म्हणाला. मी सोलापुरात ज्याला त्याला ते सांगत सुटलो. माझं म्हणणं असं होतं की मत बदलणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एक वारा पाहून बदलतो, दुसरा दुःख पाहून. पहिल्यावर विश्वास ठेवू नये, दुसऱ्यावर ठेवावा. वामनराव दुसरे. मला तेव्हा हे फार स्पष्ट दिसत होतं.

जे दिसत नव्हतं ते घरात घडत होतं. आबा पारावर जायचे बंद झाले. कुणी दादाबद्दल विचारलं तर म्हणायचे, ‘तापानं गेला.’ त्यात खोटं काही नव्हतं. पण स्वराज्यासाठी गेलेला मुलगा आणि चुकून गेलेला मुलगा, हे दोन वेगळे मुलगे असतात. पहिल्याचं दुःख त्यांनी पेललं होतं. दुसरा त्यांच्याच्यानं पेलवेना. वामनरावांचं मत बदललं आणि आमच्याकडे दादा पुन्हा एकदा मेला, या वेळी कशासाठीच नाही. वहिनीनं एक दिवस देव्हाऱ्यातली चकती काढून धान्याच्या कणगीमागं ठेवली. आबांनी ते पाहिलं आणि विचारलं नाही. पुढच्या की त्याच्या पुढच्या सुगीला, मळणी चालू असताना, ते खळ्यातच कलंडले.

मग कधी कधी मला वाटायचं, वामनरावांनी ते लिहिलंच नसतं तर? मनात चूक कळली, पण तोंडानं बोलले नसते तर आबा आणखी काही वर्षं पाठ ताठ ठेवून जगले असते. पण मग मी वर्गातल्या मुलांकडे पाहायचो आणि वाटायचं, नाही, लिहायलाच हवं होतं. नाहीतर उद्या ही मुलंही अशाच भाषणाच्या गाडीसमोर उभी राहतील. या दोन गोष्टींची तडजोड माझ्या मनात कधीच झाली नाही.

वामनराव आमचं घर विसरले नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. आबांच्या दिवसाला ते आले होते. लष्करी कायद्याच्या दिवसांत त्यांचा छापखाना बंद पडला, ते तुरुंगात गेले, आतून खंगून परत आले. किसन तोपर्यंत शाळेचं शिक्षण संपवून माझ्याकडे सोलापुरात राहायला आला होता. छापखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा वामनरावांनी त्याला स्वतः मागून नेलं. अक्षरांचे खिळे जुळवायला शिकवलं. किसनचा हात दादासारखाच निघाला. ओळ अशी सरळ बसवायचा की वामनराव पाहुण्यांना दाखवत. त्याच्या बोटांची शाई कधी निघत नसे. जेवताना वहिनी गावाहून आलेली असली तर म्हणायची की ह्या हातांनी भाकरी काळी होते, आणि तो हसायचा. हसताना त्याला तोंडावर मूठ धरायचं काही कारण नव्हतं, तरी धरायचा. बाप त्याला आठवत नव्हता. ही लकब कुठून आली असेल?

वामनरावांना तो देव मानत होता. माझ्यापेक्षा जास्त वेळ तो त्यांच्याजवळ काढायचा. त्यांचे लेख तोच जुळवायचा, त्यामुळे गावात अंक जाण्याआधी ते त्याच्या बोटांखालून गेलेले असत.

यंदा पावसाळा सरता सरता लढाईची बातमी आली. वामनराव काही आठवडे गप्प होते. लोक त्यांच्या अंकाची वाट पाहत होते, कारण मागच्या लढाईविरुद्ध त्यांच्याइतकं कुणी लिहिलं नव्हतं. मग दसऱ्याच्या सुमाराला तो लेख आला. ही लढाई ती लढाई नव्हे, असं त्यांनी लिहिलं होतं. या वेळी पलीकडे जो उभा आहे तो जिंकला तर स्वराज्य मागायलाही कुणी उरणार नाही; म्हणून सरकारचा राग बाजूला ठेवून तरुणांनी पलटणीत जावं. आणि शेवटी लिहिलं होतं : मी एकदा तरुणांना चुकीच्या लढाईत पाठवलं आहे. ते पाप मी एका बापाच्या शेतात बसून कबूल केलं आहे. म्हणून आज मी जा म्हणतो तेव्हा ते किती तोलून म्हणत असेन, याचा विचार करा.

चौकात कुणी म्हणालं, वामनरावांनी टोपी फिरवली. कुणी म्हणालं, त्यांना सरकारनं गाठलं. कुणी म्हणालं, अगदी बरोबर लिहिलं. मी तो अंक हातात घेऊन दिव्याच्या खांबाखाली उभा होतो. आमच्या आगटीचा धूर त्यात होता. आबांच्या पुढं ढाळलेले अश्रू खरे होते, मी ते पाहिले होते. तेच अश्रू आता दुसऱ्या लढाईच्या कामाला लागले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नव्हतं. कदाचित ही लढाई खरंच वेगळी असेल. मला समजत नाही. मी प्राथमिक शाळेतला शिक्षक, मला नकाशावरची शहरंसुद्धा शोधावी लागतात.

घरी आलो तर किसन दारात बसला होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला की लेख त्यानंच जुळवला, आणि शेवटची ओळ बसवताना त्यानं जायचं ठरवलं.

मी त्याला पुष्कळ सांगितलं. दादाचं सांगितलं, आबांचं सांगितलं, जे त्याला पाठच होतं. यंदा त्याच्या लग्नाचं बघायचं चाललं होतं, त्याची आठवण दिली. आईकडे एकदा बघ म्हणालो. शेवटी मी म्हणालो की जो माणूस एकदा चुकला तो पुन्हा चुकणार नाही कशावरून? लढाईबद्दल दोनदा बाजू बदललेल्या माणसाच्या शब्दावर तू जीव टाकतोस.

किसननं शांतपणे ऐकून घेतलं. “काका, कधी न बदललेल्या माणसाच्या शब्दावर मी गेलोच नसतो,” तो म्हणाला. “त्याला काय, तो एकच पाठ म्हणत असतो. ह्यांनी चूक कबूल केली. माझ्या बापाचं मरण फुकट गेलं, हे मला सगळ्या जगात ह्या एकाच माणसानं खरं सांगितलं. आता ते जा म्हणतात, तर मी कुणाचं ऐकू?”

आबांच्या शेतातल्या त्या दुपारनंतर मीही हेच मानत आलो होतो. खऱ्या पश्चात्तापानं माणूस विश्वासाला पात्र होतो, हे बरोबरच आहे. पण पश्चात्ताप झाल्यानं त्याची नजर पुढचंही बरोबर पाहील, असं मात्र कुठं आहे? माणूस खरा असणं एक आणि त्याचं म्हणणं खरं असणं दुसरं. या दोहोंमधली जागा दिसायला अगदी लहान आहे. आमच्या घरातली दोन माणसं त्या जागेतून गेली.

किसन दिवाळीआधी गेला. वहिनी स्टेशनवर आली होती. ती रडली नाही, त्याचा सदरा सारखा करत राहिली. वामनरावही आले होते. ते आता पार थकले आहेत, काठीशिवाय चालवत नाही. त्यांनी किसनला जवळ घेतलं. गाडी हलल्यावर फलाटावर आम्ही तिघंच उरलो.

दिवाळी झाल्यावर वहिनी पुन्हा आली. भावजी, मला त्यांच्या छापखान्यात न्या, म्हणाली. कशाला, ते सांगेना. मी घेऊन गेलो. दुपारची वेळ होती. किसनच्या जागी अजून कुणी मिळालं नव्हतं. खिळ्यांच्या पेट्या ठेवायच्या लाकडी घोड्यापुढं त्याचं उंच स्टूल रिकामं होतं. वामनराव टेबलाशी बसून काही वाचत होते. वहिनीला पाहून ते उठायला लागले. तिनं हातानंच बसा म्हटलं, आणि स्वतः जमिनीवर बसली. मग तेही काठी टेकत खाली, तिच्यासमोर बसले.

“म्या भांडाया आले न्हाय,” वहिनी म्हणाली. “पोरगं त्याच्या मनानं गेलं. माझ्या धन्याचं तुमी दोनदा सांगितलं. एकदा चांगल्यासाठी गेला म्हणून, एकदा फुकट गेला म्हणून. पयल्यानं आमी जगलो. दुसऱ्यानं मामंजी गेले. किसनाचं तुमी एकदाच सांगितलंय. त्याचं काय बी होऊ दे, आता बदलू नगा.”

वामनरावांनी काठी बाजूला ठेवली. बाहेर टांगेवाला कुणाशी तरी दख्खनीत हुज्जत घालत होता.

“आणि मला चूक दिसली तर?” त्यांनी विचारलं. फार हळू.

“तर गप ऱ्हावा.”

आयुष्यभर जे दिसलं ते बोलत आलेला माणूस. त्यासाठी त्यांनी छापखाना घालवला होता, तुरुंग भोगला होता, लोकांची थट्टा सोसली होती. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवायचा असेल तर तो याच एका गोष्टीसाठी, की चूक दिसली तर ते बोलतील. आणि वहिनी नेमकं तेच त्यांनी सोडावं म्हणत होती. मला वाटलं ते नाही म्हणतील. नाही म्हणावं असं मला वाटत होतं, आणि वहिनीकडे पाहिलं की म्हणू नये असं वाटत होतं.

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले.

वहिनी उठली, पदर सावरला, त्यांच्या पायांना हात लावला. रस्त्यात ती मला बाजरी कुठं बरी मिळेल ते विचारत होती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज सैल झाला होता.

त्यानंतरचे त्यांचे सगळे अंक मी पाहिले आहेत. नगरपालिकेच्या नळांवर ते लिहितात. शहरातल्या धर्मशाळेवर लिहितात, कडब्याच्या भावावर लिहितात, मुलींच्या शिक्षणावर लिहितात. लढाईबद्दल एक अक्षर नाही. बाजूनंही नाही, विरुद्धही नाही. हॉटेलात लोक म्हणतात, म्हातारा थकला. मला तसं वाटत नाही. ज्याला अजून आपलं खरं वाटतं तो माणूस अशा वेळी गप्प बसत नाही, आणि वामनराव तर नाहीच नाही. त्यांना काय दिसलं, कधी दिसलं, हे मी विचारायला गेलो नाही. त्यांनी शब्द पाळला आहे, आणि पाळला आहे म्हणूनच मला कळलं आहे.

आता नाताळच्या सुट्टीत मी गावी आलो आहे. ज्वारी यंदा छातीच्या वर आहे. वहिनी दिवसभर शेतात असते. तिला वाचता येत नाही. किसनची कार्डं मीच वाचून दाखवतो. तो अजून शिकाऊ तुकडीत आहे, लवकरच बाहेर पाठवतील असं लिहितो. कार्ड वाचून झालं की ती ते हातात घेते, उलटं सुलटं बघते आणि मग सोलापूरचा अंक आणलाय का विचारते.

काल संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो होतो. अंक माझ्या मांडीवर होता. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

“वामनराव बदललं न्हाईत न्हवं?”

“नाही, वहिनी,” मी म्हणालो. “तेच लिहितायत.”